गरम झाली की विसरणारी गाडी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भावजींनाही तो पोचव, चहा घेऊन झाल्यावर, आधी नको. तुझी टाच आता कशी आहे ते कळव (उंच चपला सोडल्यास का, हे विचारणार नव्हतो, पण विचारून झालं). इकडे बाबांचा खांदा सुधारतोय. हात आता कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोचतो, त्यामुळे बिस्किटांचा डबा लपवायला घरात जागा उरलेली नाही. माझी तब्येत तू शेवटची पाहिलीस तशीच आहे, म्हणजे तुला न आवडणारी.

पत्र मिळालं. महिनाअखेरपर्यंत गाडी नीट झाली नाही तर भावजी भंगारवाल्याला पाठवणार, कागद त्यांच्या नावावर आहेत आणि माणूस ठरलेला आहे, हे तू तीनदा लिहिलंयस आणि तिसऱ्यांदा खाली रेघ मारलीयस. तुझं चूक नाही. बावीस वर्षांची गाडी आठवड्यातून दोनदा भर रस्त्यात बंद पडते आणि आत सत्तरी ओलांडलेला माणूस बसलेला असतो, हे दुरून ऐकलं असतं तर रेघ मीही मारली असती. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी बाबांना खांद्याच्या व्यायामाला नेतो. ते केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाऊण तासाच्या वाटेवर. गाडी एका चावीत सुरू होते, बाजार ओलांडते, पूल चढते, उतरते, आणि कालव्याकाठचा लांब सरळ रस्ता लागला की गप्प होते. धक्का नाही, धूर नाही, साधा खोकला नाही. ऐकता ऐकता एखाद्याचा डोळा लागावा तशी. उरलेल्या वेगात मी तिला एका मोठ्या झाडाखाली आणून उभी करतो (झाड आता ठरलेलं आहे, मला वाटतं त्यालाही आमची सवय झालीय). चावी फिरवावी तर इंजिन नुसतं घरघरतं, पेट घेत नाही. अर्धा तास बसायचं. मग पुन्हा चावी, आणि लगेच सुरू, जसं काही मधे काही घडलंच नाही.

आपल्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळे वैद्यबुवा म्हणतात, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकत राहतो. त्याने आधी प्लग बदलले. मग पेट्रोलचा पंप बदलला. मग कुठलीशी वायर बदलली आणि ती बदलताना बॅटरीकडे अशा नजरेने पाहिलं की मला तिची काळजी वाटायला लागली. गाडीचे दोष वाचायचं यंत्र लावलं तर यंत्र म्हणालं, काही झालेलं नाही. दर वेळी तो खिडकीतून कोपर बाहेर काढून गल्लीला दहा मिनिटांची फेरी मारून यायचा आणि गाडी मोठ्या शहाण्यासारखी वागायची. (लहानपणी डॉक्टरांच्या पायरीवर पाय ठेवला की तुझं पोट दुखायचं थांबायचं, आणि आईला खोटं पडावं लागायचं. तोच प्रकार.) चौथ्या फेरीनंतर त्याने हात पुसले आणि गाडी ठणठणीत आहे, चालवणाऱ्याला एकदा कुणाला तरी दाखवून आणा, असं सुचवलं. बाबा या बोलण्यावर हसले. दीड वर्षात पहिल्यांदा, म्हणून मी ते लक्षात ठेवलंय.

आता त्या अर्ध्या तासांबद्दल सांगायला हवं. इंजिन बंद झालं की बॉनेटखाली तापलेलं लोखंड निवायला लागतं आणि टिक, टिक असा आवाज येतो, आधी भराभर, मग लांबलांब. कालव्याचं पाणी इतकं सावकाश जातं की ते जातंय हे पटायला त्यात एखादं पान यावं लागतं. काचेवर सावल्या हलतात, कुठे तरी लांब कुणी पत्रा ठोकत असतो, आणि आपण कुठे निघालो होतो याचं तितकंसं काही वाटेनासं होतं. घरात बाबा 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर दिवस काढतात, ते तुला फोनवरून ठाऊक आहे. तिसऱ्या का चौथ्या वेळी, समोर पाण्याकडे बघत, ते आपणहून बोलायला लागले. लग्नाआधी ते एका छापखान्यावरच्या खोलीत राहायचे, खाली यंत्र चालू असलं की कॉट हळूहळू सरकायची आणि जाग यायची तेव्हा ते खिडकीशी असायचे. पुढच्या शुक्रवारी आईचं निघालं, ती आधी त्यांच्याकडे नाही, त्यांच्या छत्रीकडे बघून हसली होती. आणि एकदा तुझं. तुला पहिल्या दिवशी शाळेत सोडून ते कामावर गेलेच नव्हते, ताप आल्याचं कळवून मधल्या सुट्टीपर्यंत शाळेच्या भिंतीला टेकून उभे होते. तू रडली नाहीस याचं त्यांना तेव्हा जरा वाईटच वाटलं म्हणे. हे सगळं ऐकताना मला झोप आणि जाग यांच्या मधे कुठे तरी बसल्यासारखं व्हायचं. मग लोखंडाची टिकटिक थांबायची, चावी फिरायची, आणि बाबा परत 'हं'वर यायचे.

असो. दोष सापडला, तो असा. वैद्यबुवाला मी शेवटी बंद पडल्याची वेळ, रस्ता, ऊन, सगळं लिहून दिलं. ते दोनदा वाचून तो म्हणाला, "अहो, ही गरम झाल्यावरच विसरते. हे आधी नाही का सांगायचं?" (आधी चार वेळा सांगितलं होतं, पण तोंडी.) इंजिन फिरतंय की नाही हे त्याचं त्याला कळत नाही म्हणे, खाली अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो, तो सांगतो, आणि मगच ठिणगी पडते. जुना सेन्सर तापला की गप्प बसतो, निवला की बोलायला लागतो. परीक्षा सोपी होती. बंद पडल्यावर चावी फिरवायची आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा पाहायचा. तो जरा तरी हलला तर दुखणं दुसरं. शून्यावर पडून राहिला तर सेन्सरवर गार पाणी ओतायचं आणि पुन्हा चावी फिरवायची.

मंगळवारी काटा शून्यावरच पडून राहिला. मी बाबांची पाण्याची बाटली घेतली, वाकलो, अर्धं पाणी सेन्सरवर आणि अर्धं बाहीत ओतलं. गाडी पाचव्या मिनिटाला सुरू झाली. मी विजयाने बाबांकडे पाहिलं. ते आईच्या आजोळाबद्दल काही सांगत होते, ते वाक्य अर्ध्यावर सोडून म्हणाले, "बरं."

तर काळजी नसावी. सेन्सर बदलायला वीस मिनिटं लागतात, आणि गाडी दुरुस्त झाल्यातच जमा आहे, असं भावजींना सांग. टाच जप.

तुझा,
धाकटा

ता. क. 'झाल्यातच जमा' याचा अर्थ असा की नवा सेन्सर आणलेला आहे आणि तो तीन आठवडे माझ्या टेबलाच्या खणात आहे. मंगळवारची ती गोष्टही तीन आठवड्यांपूर्वीची. मी तो बसवून घेतलेला नाही. गाडी नीट झाली तर आम्ही पाऊण तासात पोचू आणि पाऊण तासात परत येऊ, आणि आजोळाचं ते वाक्य अजून पुरं व्हायचं आहे. भावजींना सांग की इतक्या जुन्या गाडीचा सुटा भाग सहज मिळत नाही (हे एरवी खरंच आहे). मला फक्त दोन महिने दे.

दुसरा ता. क. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. सेन्सरचा शोध चालू आहे, असंच त्यांना वाटतंय.

चि. थोरलीस बाबांचे आशीर्वाद. पाकीट टपालात टाकायला याने माझ्याकडे दिलं. चिकटवलेलं नव्हतं म्हणून वाचलं, चिकटवलेलं असतं तरी वाचलं असतं. माझं आयुष्य दुकानांतले वजनकाटे तपासण्यात गेलं, काटा पडला की मला दिसतो. गाडीचा काटा दुसऱ्याच खेपेला पडलेला दिसला होता. मी बोललो नाही. तुझी आई गेल्यापासून हा घरात उभ्यानेच जेवतो, काही विचारलं की 'नंतर बाबा' म्हणून आत जातो. अर्धा तास एका जागी बसलेलं मी त्याला फक्त त्या झाडाखाली पाहिलंय. मला इतकं बोलायची सवय नाही, घसा कोरडा पडतो, पण मी थांबलो की तो फोन काढतो, म्हणून बोलत राहतो. त्याने दोन महिने मागितलेत, तू चार दे, आणि मी वाचलं हे त्याला कळवू नकोस. जावईबापूंना माझा निरोप सांग, भंगारवाला आला तर त्याला मलाही उचलून न्यावं लागेल, मी पुढच्या सीटवर बसलेला असेन.