राहून गेलेलं इंजेक्शन

४ फेब्रुवारी

‘राहून गेलं’ म्हणे! छत्री राहून जाते. गॅसवर दूध राहून जातं.

आता मूल हवं, असं दोघांचं ठरलं म्हणून आज डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. रक्तगट? माझा बी निगेटिव्ह, ह्याचा ओ पॉझिटिव्ह. आधी कधी दिवस राहिले होते? हो, तीन वर्षांपूर्वी. ह्याची नोकरी गेली होती, गर्भपात करून घेतला. बाईंनी लिहिता लिहिता पेन ठेवलं. “त्यानंतर अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं होतं ना?”

मी ह्याच्याकडे पाहिलं. हा भिंतीवरचं गुटगुटीत बाळाचं चित्र बघत होता. मग म्हणाला, “ते... राहून गेलं.” म्हणजे ह्याला माहीत होतं! मला भूल दिलेली असताना बाहेर ह्याला सांगितलं होतं, बहात्तर तासांच्या आत आणून द्या. आणि मी तीन वर्षं ह्या माणसाच्या डब्यात पोळ्या भरत्येय.

५ फेब्रुवारी

सकाळी चहा दिला नाही. आधी बोल, म्हटलं.

बोलला. तेव्हा इंजेक्शन आणायला बहिणीच्या औषधाच्या दुकानात गेला होता. वन्सं म्हणाल्या, ते बाळंतपणानंतर देतात, पहिल्या खेपेला लागत नाही, आणि इतक्या लवकर मोकळी झाली तर मुळीच नाही. हा तसाच परत आला. मला चकार शब्द नाही. “मला वाटलं, ताईला कळतं.”

ताईला कळतं! रक्त माझं, दंड माझा, आणि विचारलं कुणाला, तर ताईला. घरात कुणाला शिंक आली तरी वन्संना फोन जातो, त्या गोळी सांगतात, आणि एरवी बरंच होतं की सगळ्यांना. शिंक आपली आपण जाते, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

गर्भपाताचं मला वाईट वाटत नाही. तो माझा निर्णय होता, विचार करून घेतलेला. राग आहे तो ह्याचा, की पुढचा निर्णय माझ्या पाठीमागे घेतला.

६ फेब्रुवारी

रक्त देऊन आले. बाईंनी पुन्हा नीट समजावलं. तेव्हाचं बाळ बापासारखं पॉझिटिव्ह असलं आणि त्याचं थोडं रक्त माझ्यात मिसळलं असलं, तर माझं शरीर त्याला परकं समजून त्याच्याशी लढायला शिकतं. इंजेक्शन वेळेवर दिलं तर ते शिकणंच थांबतं. एकदा शिकलं की विसरत नाही. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं तर माझंच रक्त त्याच्यावर उठणार; बाळ पिवळं पडतं, दगावतंसुद्धा.

लॉन्ड्रीत दिवसभर मी डागच काढते. रक्ताचा डाग ताजा असताना गार पाण्यात निघतो. कुणीतरी शहाणपणा करून वर गरम इस्त्री फिरवून आणलं, की मग कितीही घासा. आज एक चादर तशीच आली. गिऱ्हाईक म्हणालं, काढाच. मी अशी काही बोलले की मालकीण आतून उठून आली.

८ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या. लोहाच्या गोळ्या घेऊन! म्हणाल्या, मी बारा वर्षं काउंटरवर उभी आहे, असं कधी ऐकलं नाही, हल्लीचे डॉक्टर घाबरवतात. मी म्हटलं, ऐकलं नव्हतं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं होतं, दोन शब्द तर आहेत. हा मधे पडला, “ताईने मुद्दाम केलं का?” नाही केलं. म्हणून मी आभार मानू?

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, निगेटिव्ह रक्त, मग स्वभाव तरी कसा असणार. आमच्या घराण्यात असलं काही नाही.

गोळ्यांचं पाकीट वन्संच्या पर्समध्ये परत कोंबलं.

११ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. शिकलंय.

१२ फेब्रुवारी

ओरडले. खूप ओरडले. हा रडला, आणि त्याच्या रडण्याचाही राग आला. आता ह्याचे डोळे पुसायचे ते पण मीच?

१३ फेब्रुवारी

बाईंकडे गेले, एकटी. आता ते इंजेक्शन घेऊन उपयोग नाही. मूल होऊच नये असं नाही, पण पहिल्यापासून सारखी तपासणी, वेळ आली तर पोटातच बाळाला रक्त चढवावं लागेल, आणि तरी खात्री नाही. मग म्हणाल्या, “नवऱ्याच्या आईवडिलांचे रक्तगट?” दोघांपैकी एक जरी निगेटिव्ह असेल, तर ह्याच्यात तो अंश नक्की आला. मग बाळ निगेटिव्ह होण्याची निम्मी शक्यता. तसं झालं तर माझं रक्त त्याला काही करणार नाही.

सासरे वारले. उरल्या सासूबाई. त्यांना तपासायला चला म्हटलं, तर भिंतीकडे तोंड करून निजल्या. माझ्या मुलाचं सगळं चांगलं आहे, म्हणाल्या. मी हात जोडले. ह्या बाईपुढे हात जोडायची वेळ आली म्हणून मोरीत जाऊन बादलीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

१५ फेब्रुवारी

सासूबाई कुणाला न सांगता, रिक्षा करून, एकट्या रक्त देऊन आल्या. का, ते सांगत नाहीत.

१६ फेब्रुवारी

सासूबाई निगेटिव्ह! म्हणजे निम्मी आशा आहे. धावत जाऊन सांगितलं. बाईंनी मला समजावलं होतं ते सगळं त्यांनी माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाल्या,

“ह्याच्या पाठीवर मला दोन झाली. दोन्ही पिवळी पडून गेली, आठवड्याच्या आत. सगळे म्हणाले, हिचं दूध बाधलं.” माझा हात धरला. “म्हणून दुसऱ्याला मी पाजलंच नाही गं. रडत होतं, तरी नाही पाजलं.”