दुसरा फटका

चाचा, तुमची छत्री पोलिसांकडे आहे. पंचनाम्यात तिची नोंद ‘जुनी काळी छत्री, लाकडी मूठ, टोकाला लोखंड’ अशी झाली आहे. तीस वर्षं मी ती ऊन-पावसात मिरवली, दोनदा कापड बदललं, एकदा काड्या बदलल्या, आणि शेवटी तिचं वर्णन लिहायचं भाग्य एका हवालदाराच्या वाट्याला आलं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसलोय ते काम निघालं म्हणून. माणसं देवाकडेही अशीच जातात, तेव्हा तुम्ही रागावू नका.

झालं ते आधी सरळ सांगतो. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेतून घरी येताना आमच्या वाडीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीवर माझं एका माणसाशी भांडण झालं. मी त्याला मारलं. तो पायऱ्यांवरून मागे पडला आणि जांभ्याच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं. आज रविवार. सरकारी इस्पितळात तो नळ्यांच्या आधाराने श्वास घेतोय आणि अजून डोळे उघडत नाही. वय एकतीस. मी बावन्न वर्षांचा, संस्कृतचा शिक्षक, डावा गुडघा अधू. हे ऐकून कोणाचाही विश्वास बसत नाही. माझाही बसला नसता, पण मी तिथे होतो.

गंमत बघा, शाळेत माझं कौतुक चाललंय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘सर, उद्या सोमवारी नववीच्या मुलींसमोर स्वसंरक्षणावर बोला. मानसिकता आणि तंत्र, दोन्ही सांगा.’ मुलींना घाबरवणाऱ्या दारुड्याला सरांनी एका फटक्यात लोळवलं, अशी कथा गावभर झाली आहे. मी नाही म्हणालो नाही. आज सकाळी त्या भाषणाचं टिपण काढायला हा कागद घेतला, तर लिहिताना तुमचाच आवाज यायला लागला. म्हणून टिपण बाजूला राहिलं आणि हे सुरू झालं.

मी सोळा वर्षांचा, पाठशाळेतला, धोतर नेसलेला. मांडवीच्या किनाऱ्यावर पोरांनी दोनदा माझं धोतर फेडलं आणि तिसऱ्यांदा नाक फोडलं, तेव्हा मी तुमच्याकडे आलो. बोटीवरची नोकरी संपवून तुम्ही घरी बसला होता आणि वाळूत चार पोरांना काठी शिकवत होता. तुम्ही जाळ्याच्या दोऱ्याला गाठ मारता मारता विचारलंत, ‘काय शिकाचाय? मारायला का वाचायला?’ मी म्हणालो, ‘मारायला.’ तुम्ही म्हणालात, ‘मग घरी जा.’ दुसऱ्या दिवशी मी परत आलो आणि म्हणालो, ‘वाचायला.’ तुम्ही मान वरसुद्धा केली नाहीत. ‘खोटं बोलतोस. पन बस.’

मग महिनाभर काठी हाती दिलीच नाहीत. चालायला शिकवलंत. चहाच्या दुकानात बसलो की विचारायचात, ‘बाहेर जायची वाट कुठं? मागं दार हाय का? आत आलास तेव्हा कोन बसलेला?’ मला फक्त भजी दिसलेली असायची. तुम्ही कपाळावर हात मारून म्हणायचात, ‘ह्याला सगली पुस्तका पाठ, पन दार कुठं हाय ता ठावं नाय.’ समोरच्याच्या डोळ्यांत बघू नको, खांद्याकडे बघ, हात निघायच्या आधी खांदा बोलतो. काठीभर अंतर ठेव. चप्पल सुटणारी असेल तर आधीच काढ. पाकीट मागितलं तर लांब फेक आणि उलट्या दिशेने पळ. आणि ते हात! छातीपुढे दोन्ही पंजे उघडे, जोडायच्या बेतात पण न जोडलेले. ‘नमस्कार अर्धा ठेवाचा. त्याला वाटतं तू पाया पडतोस. तुला ठावं असतं, तू तयार हायस.’ मी एकदा फुशारकीने सांगितलं की आमच्या शास्त्रात साम, दान, भेद, दंड असे चार उपाय सांगितलेत. तुम्ही बोटं मोजलीत, विचार केलात आणि म्हणालात, ‘पाचवा ऱ्हायला. पळ.’ त्यानंतर कुठल्याही वर्गाला हे चार उपाय शिकवताना मला पाचवा गिळावा लागला आहे.

आणि माझी ती खोड. पाठशाळेत संथा घेताना गुरुजी एकदा म्हणायचे, आम्ही दोनदा. सहा वर्षं रोज पहाटे हेच: त्यांचं एकदा, आमचं दोनदा. ती हाडात भिनली होती. काठी हातात आल्यावर मी पहिला फटका बसला की दुसरा आपोआप द्यायचो. एकदा तुमच्या पुतण्याच्या मनगटावर मारलं, त्याची काठी पडली, आणि माझा दुसरा फटका त्याच्या कानशिलावर बसला. तुम्ही माझी काठी काढून घेतलीत. तेव्हा वाटलं होतं की आता थोबाडीत बसणार. तुम्ही मला वाळूत बसवलंत आणि फार हळू बोललात. ‘पयला फटका जीव वाचवायला. दुसरा कोनासाठी?’ मी वाळू उकरू लागलो. ‘सांग की, पंडित. दुसरा कोनासाठी?’ मी म्हणालो, ‘सवय आहे, चाचा.’ तुम्ही म्हणालात, ‘मलापन होती. येका बंदरावर. ता बंदर मग मला परत बघाय मिलाला नाय.’ एवढं बोलून तुम्ही भरतीच्या पाण्याकडे बघत बसलात. मी विचारलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाला गोष्टीत रस असतो, तिच्या शेवटात नसतो. पुढे मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही ती बोटीवरची छत्री दिलीत आणि म्हणालात, ‘मास्तरच्या हातात काठी बरी दिसत नाय.’

मंगळवारी ती छत्री ऊन लागतं म्हणून हातात होती. त्या पाखाडीवर दोन अनोळखी इसम दोन दिवस बाटल्या घेऊन बसत होते आणि क्लासवरून येणाऱ्या मुली त्यांना टाळायला लांबून वळसा घालत होत्या. मी उतरताना थांबलो आणि म्हणालो, ‘बाबांनो, दुसरीकडे बसा. पोरींची वाट आहे.’ खालच्या पायरीवरचा म्हणाला, ‘ए मास्तर, पाखाडी काय तुझ्या बापाची?’ मी म्हणालो, ‘नाही हो, नगरपरिषदेची. माझ्या बापाने बांधली असती तर पायऱ्या सारख्या झाल्या असत्या.’ चाचा, तुम्ही बजावलं होतं की मारामारीच्या तोंडावर विनोद करू नये, कारण जो हसत नाही त्याला दुप्पट राग येतो. त्याचा मित्र हसला. तो हसला नाही.

तो उठला. मी एक पायरी मागे चढलो, पंजे उघडले, अर्धा नमस्कार केला. मोठ्याने ओरडलो, ‘मागे व्हा! मला हात लावू नका!’ हे ओरडणं त्याच्यासाठी नसतं, घरांसाठी असतं, हेही तुमचंच. वरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. मित्र म्हणाला, ‘सोड रे, चल,’ आणि बाजूच्या दगडी गडग्यावरून उडी मारून गेला. पण ह्याने माझी कॉलर धरली, बाटली गडग्यावर फोडली आणि तुटका गळा वर उचलला. मला त्याचा खांदा दिसला. आयुष्यात पहिल्यांदा मला खांदा दिसला. मी छत्री दोन्ही हातांनी आखूड धरून टोक त्याच्या बरगड्यांखाली खुपसलं. फिरवली नाही, ढकलली, जशी तुम्ही शिकवलीत तशी. त्याचा श्वास गेला. कॉलर सुटली. बाटली पडली आणि घरंगळत गेली. तो वाकला, एक हात पोटावर आणि दुसरा हात असा, पंजा उघडा, माझ्याकडे.

इथपर्यंतचं सगळं उद्या नववीच्या मुलींना सांगता येईल. पुढचं तुम्हाला सांगतोय. माझ्या मागे दहा पायऱ्यांवर उघडं दार होतं. वाट मोकळी होती, आणि मला ती दिसली होती. बाहेर जायची वाट कुठं, हे मला छत्तीस वर्षांत पहिल्यांदा अचूक माहीत होतं. मी छत्री उलटी केली आणि तिच्या लाकडी मुठीचा फटका त्याच्या कानाजवळ दिला.

शेजारीण दारातून बाहेर आली तेव्हा तो पडत होता. तिने फक्त पडणं पाहिलं. संध्याकाळी ठाण्यात जबाब घ्यायला जो हवालदार होता, तो माझाच विद्यार्थी निघाला. संस्कृतात त्याला मीच ढकलून वर काढलं होतं. तो आदराने उभा राहिला, चहा मागवला आणि लिहू लागला. ‘सर, त्याने कॉलर धरली, बाटली उगारली, आणि तुम्ही जीव वाचवण्यासाठी छत्रीने मारलंत. एकदाच ना, सर?’ त्याने पेन थांबवलंसुद्धा नव्हतं. त्याला उत्तर नको होतं, दुजोरा हवा होता. मी म्हणालो, ‘हो.’ खाली सही केली. घरी बायकोने विचारलं, ‘एकदाच मारलंत ना? मग झालं तर. जेवून घ्या.’ मी जेवलो. त्या रात्री आमटीत मीठ कमी होतं, हेही मी बोलून दाखवलं. माणूस काय काय करू शकतो, बघा.

काल मी इस्पितळात गेलो. का गेलो, माहीत नाही. माझा वकील म्हणाला होता, जाऊ नका. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर त्याची आई बसली होती. गावाकडची बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत त्याची चप्पल. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘तुमीच ते मास्तर काय?’ मी होय म्हणालो. मला वाटलं ती ओरडेल. चाचा, मी मनातल्या मनात दार शोधलं. तिने पिशवी उचलली आणि जागा करून दिली. ‘बसा.’

मी बसलो. तिने पिशवीतली चप्पल सरळ केली. मग ती समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं बोलली. ‘दारू पितो. खोटं कशाला बोलू? तुमच्यावर हात टाकला आसंल. पन मास्तर, दहा वर्सं होडीवर काम केलंय त्यानं. वल्या फळीवर उभा ऱ्हायचा, लाट आली तरी हलायचा नाय. येका फटक्यात कसा हो पडला?’

त्या मंगळवारी, आधीचे चार दिवस पाऊस नव्हता. पाखाडीवरच्या दगडावर पापड वाळले असते. मी म्हणालो, ‘पायरी निसरडी होती.’

ती म्हणाली, ‘आसंल.’ आणि पिशवीतून केळं काढून मला देऊ लागली, कारण मी तासभर काही खाल्लं नव्हतं. ते मी घेतलं. खाल्लंही.

म्हणून तुम्हाला विचारायचं आहे. त्या बंदरावरचा तो माणूस वाचला का? तुम्ही कोणाला सांगितलंत का? की बोट सुटली आणि तुम्ही शेवटपर्यंत आमच्यासारख्या पोरांना वाळूत बसवून ‘दुसरा कोनासाठी’ विचारत राहिलात, कारण कोणीतरी उत्तर देईल अशी आशा होती? मी तेव्हा विचारायला हवं होतं. माझ्या गुरुजींना मी हजार शंका विचारल्या, आणि त्यांतली एकही आज माझ्या उपयोगाची नाही. तुम्हाला विचारायची एकच होती. आता ज्याला विचारावं असं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि इस्पितळातला तो डोळे उघडत नाही, आणि मला सारखं वाटतं की तो उघडेपर्यंत मीही नीट श्वास घेऊ नये. दुपारी इस्पितळात फोन केला. ‘तसंच आहे,’ म्हणाले. वकिलालाही केला. तो म्हणाला, ‘सर, एकदाच आहे ते एकदाच राहू द्या. दुसरा फटका आला की स्वसंरक्षण गेलं.’ कायद्याचा अभ्यास न करता तुम्ही तेच म्हणाला होतात. फरक एवढाच की तुम्ही मारण्याआधी सांगितलंत.

ठाण्यात पुरवणी जबाब नावाचा प्रकार असतो. आधी सांगितलेल्यात काही राहून गेलं असेल तर ते नंतर लिहून देता येतं. उद्या अकराला शाळेत माझं भाषण आहे आणि हवालदार दहाला ठाण्यात येतो. मी वाक्य तयार केलंय: ‘वाट मोकळी झाल्यावर मी त्याला दुसऱ्यांदा मारलं.’ मघाशी आरशासमोर ते दोनदा म्हणून पाहिलं. खोड जात नाही. तिथे एकदाच म्हणायचं आहे, आणि तेवढं माझ्याकडून होईल की नाही, मला खरंच माहीत नाही. त्याच्या आईला कुठल्या शब्दांत सांगायचं, ते तर सुचतही नाही.

हा कागद तुमच्या कबरीपाशी ठेवायचा विचार होता, पण तिथे वारा फार असतो आणि अक्षर माझं आहे. घरीच राहील. जबाबात एक गोष्ट लिहायला जागा नसते, ती तेवढी तुम्हाला सांगून ठेवतो. सगळे विचारतात, सर, किती घाबरला असाल. पहिल्या फटक्याला मी फार घाबरलो होतो, चाचा. दुसऱ्याला नव्हतो.