बिनबियांच्या बागेतली बी

मंगळवार, संध्याकाळ. निफाड.

फळं पिकवणाऱ्या इथिलीन वायूच्या शाळेतल्या प्रयोगातली द्राक्षं मी आज हौसेने पप्पांना खायला दिली. घरच्या बागेतला आंबट घड मी आणि माझी मैत्रीण सलमाने पिकलेल्या केळ्यासोबत डब्यात बंद केला होता, आणि सहाव्या दिवशी तो गोड निघाला. सरांनी वर्गासमोर कौतुकही केलं.

पप्पांनी एक मणी चावला आणि तळहातावर बी काढली. "आपल्या बागेत बीचं द्राक्ष कुठंय? आन् तोडलेलं द्राक्ष गोड होत नाय, पोरी. केळाचं येगळं."

लगेच सलमाला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या अंगणातल्या वेलावरची पिकलेली द्राक्षं डब्यात टाकली मी. प्रयोग फसतोय म्हणून तुझं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं."

सलमाने? माझ्या सलमाने? आणि प्रयोगाच्या वहीत सगळं माझ्या अक्षरात. उद्या सरांना काय सांगू?

ती बी इथे टेबलावर आहे. तिच्याकडे बघून आत्ता आठवलं. सहाव्या दिवशी मीही चार मणी खाल्ले होते. बी माझ्याही दाताखाली आली होती. मी ती गिळली आणि वहीत लिहिलं, गोड.