पोचा आलेला ग्लास

३ जानेवारी
निश्चय: यंदा मुलांचा असा सिनेमा काढायचा, की लोकांनी जात हा शब्दच विसरावा. शेवटचा सीन सुचला आणि माझेच डोळे भरून आले. साहेबांचा मुलगा झाडूवालीच्या मुलीच्या ग्लासातून पाणी पितो. बस्स! अवॉर्ड जातंय कुठे!

९ जानेवारी
कास्टिंग झकास. साहेबांचा मुलगा म्हणून माझा भाचा. (पैसे त्याची आई, म्हणजे आमची ताई घालतेय. निव्वळ योगायोग.) मुलगी स्टुडिओतच सापडली, झाडणाऱ्या बाईंची भिंगरी. आडनाव विचारलं, ते आपलं सहज. मी जात मानत नाही.

२१ जानेवारी
भिंगरीने घरचा ग्लास आणलाय, घासूनपुसून लख्ख. बाजूला हा मोठा पोचा. काय ऑथेंटिक! क्लोज-अप घेतला. 'सर, तो खरंच माझ्या ग्लासातून पिणार ना?' असं दहादा विचारून झालं. अगं, सगळा सिनेमा त्यासाठीच तर आहे, म्हटलं.

२२ जानेवारी
ताई अडून बसली. 'त्यांच्या हातचं आपल्याकडे चालत नाही' म्हणाली. मी भयंकर चिडलो. मनात. मग डोकं लढवलं. भिंगरी ग्लास पुढे करते, कट्, भाचा पितो. ताईने घरून आणलेल्या ग्लासातून. ताईही खूश, क्रांतीही झाली. याला म्हणतात डायरेक्शन!
भिंगरी विचारत होती, माझा ग्लास खराब आहे का? टेक्निकल कारण आहे, म्हटलं. लहान आहे, विसरेल.

१४ मार्च
प्रीव्ह्यू. हॉलभर शाळेची मुलं, पुढे अवॉर्डचे परीक्षक. शेवटचा सीन आला. मी रुमाल काढून तयार. तर कार्टी ओरडायला लागली, 'पोचा कुठे गेला? ग्लास बदलला! ग्लास बदलला!'
स्टेजवर जाऊन समजावलं, बाळांनो, ते प्रतीक आहे. माणुसकीने पोचा भरून निघतो. परीक्षक माना डोलवायला लागले होते. तेवढ्यात भिंगरी उठली. भाच्याकडे बोट दाखवून म्हणाली, 'प्रतीक नाही. ह्याच्या आईला माझ्या हातचं चालत नाही, मी ऐकलंय.' पिशवीतून तोच ग्लास काढला, भरला आणि माझ्यापुढे धरला. 'सर, मग तुम्ही प्या.'
आख्खा हॉल माझ्याकडे बघत होता.
आत्ताच चहा झालाय, म्हणालो.
ते पाणी तिनेच पिऊन टाकलं. ग्लास फ्रॉकला पुसला आणि पिशवीत ठेवला.

१५ मार्च
परीक्षकांचा फोन नाही. भाचा सकाळपासून डोकं खातोय, 'मामा, काल तिथे चहा नव्हताच की!'
निश्चय: पुढचा सिनेमा प्राण्यांवर. लहान मुलं फार खोटं बोलतात.