खैराचा गणपती बुडाला त्याची हकिकत

डहाणू, सप्टेंबर २०१७

तीर्थरूप दशरथमामांस देवेशचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला बसला का? इकडे तुमची भाचेसून संगिता ठीक आहे. मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

झालं असं, की यंदा मी रेल्वे कॉलनीत जाहीर केलं, आमचा गणपती लाकडाचा. विसर्जन करायचं, तरंगला की उचलून घरी आणायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तोच. (हे मी सगळ्या स्टाफला समजावलं, काहींना दोनदा.) कासा गावच्या वखारीतून खैराचा ओंडका आणला. मुसळाचं लाकूड ते, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं! टिकतं कसलं, पटाशी मारली तर पटाशीचीच धार गेली. एकदा हात घसरून बाप्पांचा डावा कान चपटा झाला. पण आतला तांबूस गाभा उघडला आणि मूर्ती अशी देखणी दिसली, की संगितासुद्धा गप्प झाली (याची नोंद घ्यावी).

विसर्जनाला अख्खी कॉलनी किनाऱ्यावर. मी छातीभर पाण्यात गेलो, “आता बघा हं!” म्हणून हात सोडले. मामा, बाप्पा दगडासारखे सरळ तळाला! (खैराचा गाभा पाण्याहून जड, हे मला तेव्हा कळलं.) बुड्या मारल्या, चाचपडलं, हाती वाळू आली. वर आलो तर काठावर टाळ्या. लोकांना वाटलं, विसर्जन झकास झालं. एकटी संगिता डोळे पुसत होती. “देव्हाऱ्यात जागा करून ठेवली होती मी,” म्हणाली. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला शोधायला गेलो तर ही गर्दी! ओहोटीनं वाळूत उघडे पडलेले बाप्पा आता चौरंगावर, हार, उदबत्त्या. मासळीवाल्या हिराबाईंनी मला हाताला धरून पुढे नेलं. “साहेब, पाया पडा. स्वयंभू हाय. अंगचाच शेंदूर बघा!”

“बाई, हा तर माझा...”

“सगळ्यांचाच हाय. कान बघा, लाटांनी झिजलाय. किती वर्षं समुद्रात असंल देव!”

एक रात्र, मामा. एकच!

धावत जाऊन संगिताला आणलं. म्हटलं, निदान ही तरी साक्ष देईल. तिनं बाप्पांकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि हात जोडले. “राहू दे इथंच,” मला हळूच म्हणाली, “घरी एवढी माणसं कुठं आली असती?”

मग मीही नमस्कार केला. रांगेत उभं राहून.

तुमचा भाचा,
देवेश

ता. क. खरं काम राहिलंच. देवापुढे उंदीर नाही म्हणून लोक हळहळतात. तुमच्या चिकूच्या वाडीत जुना खैर उन्मळून पडल्याचं तुमचा मनिष सांगत होता. वनखात्याची परवानगी काढून एक ठोकळा पाठवा.

आणखी ता. क. उंदीरही समुद्रातूनच यायला हवा, असं हिराबाईंचं म्हणणं आहे. भरती-ओहोटीच्या वेळा मी विचारून ठेवल्या आहेत.