नाक्यावरची रांग

ऐन देलबा, १३ सप्टेंबर १९९९

पोचले एकदाची! त्रिपोलीहून तीन गाड्या बदलल्या. शेवटच्या गाडीत एका बाईने आपली कोंबडी बिनदिक्कत माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतः डुलक्या काढल्या. घर डोंगराच्या उतारावर आहे. खाली रस्त्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची सहा शेतं, वरच्या तिन्हींत सफरचंदं लगडलेली. अकरा वर्षं इस्पितळातल्या फिनेलच्या वासात काढल्यावर ही हवा मला पक्वान्नासारखी लागतेय.

म्हाताऱ्याचं नाव शाहीन, पण सगळे त्याला मुलाच्या नावावरून अबू नजीब म्हणतात. वय एकाहत्तर. अर्धांगाच्या झटक्याने डावा हात लुळा पडलाय. नजीब ब्राझीलमध्ये असतो, मला त्यानेच नेमलं. म्हाताऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, नर्स आहेस की पोलीस? मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घेतल्यात तर नर्स. खो खो हसला. जमेल आमचं.

१६ सप्टेंबर

हा माणूस एका हाताने कुदळ चालवतो! पहाटे पाचला शेतात. प्रत्येक झाडाचा स्वभाव त्याला ठाऊक आहे. हे रुसकं, हे उधळं, असं सांगत फिरतो. न्याहारीला चक्का, ऑलिव्हचं तेल, गरम रोटी. बरोबर बाराला मात्र तो खुर्ची घेऊन खालच्या फाटकाशी जातो आणि तासभर रस्त्याकडे बघत बसतो.

शेजारची उम् फारिस अंजिराचा मुरांबा घेऊन आली होती. तिला विचारलं तर म्हणाली, आपसातल्या लढाईत त्याचा तपासणीचा नाका होता तिथे, त्या रस्त्यावर. सवय आहे, दुसरं काय. इथे घरटी एकाने बंदूक धरली होती, पोरी. सरकारची माफी झाली सगळ्यांना. आता कशाला उकरायचं?

२० सप्टेंबर

आज फाटकाशी त्याचं पाणी घेऊन गेले, तर त्याने विचारलं, किती आहेत गं? मी म्हटलं, कुणीच नाही. "नवीन आहेस," तो म्हणाला. "अकरा आहेत. बसा म्हणावं त्यांना. उभं राहून पाय दुखत असतील."

वयाने विसर पडतो, तसं असेल. नजीबला कळवायला हवं. उम् फारिसला सांगितलं तेव्हा ती भांड्यात डाव फिरवत होती. हात थांबला. तिने एवढंच विचारलं, कुठे आहेत म्हणाला, फाटकाबाहेर की आत? बाहेर, मी म्हटलं. मग डाव परत फिरू लागला.

२४ सप्टेंबर

सर्वांत खालचं शेत त्याने काल घेवड्यासाठी भुसभुशीत केलं. आज दुपारी त्यात पावलं उमटली होती. अनवाणी. एकामागे एक, अकरा जोड्या, सगळ्यांची तोंडं घराकडे. आलेल्याची खूण नाही, गेलेल्याची नाही. नुसती उभी असलेली पावलं.

म्हाताऱ्याने दाताळं घेऊन ती पुसली. हलक्या हाताने, आजाऱ्याचं अंथरूण नीट करावं तसं. मग आपणहून बोलला. ब्याऐंशी-त्र्याऐंशीत तो रस्त्याला दोरी बांधून उभा राहायचा. ओळखपत्र घ्यायचं, त्यातली एक ओळ वाचायची, धर्माची. उजवीकडे म्हणजे जा. डावीकडे म्हणजे शेतात.

या शेतात? मी विचारलं.

यंदा सफरचंद चांगलं आलंय, तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "नावं वाचली असती तर हात उचलला गेला नसता. म्हणून वाचलीच नाहीत."

२७ सप्टेंबर

पावलं आज खालून चौथ्या शेतात. फाटकाच्या बरीच आत. म्हाताऱ्याचं खेचर त्या बांधावरून पुढे यायला तयार नाही.

नजीबला फोन केला. पावलांचं, शेताचं सांगितलं. तो म्हणाला, बाबा बोलायला लागलेत का? ऐकू नका. गोळी द्या, झोपतील.

म्हणजे त्याला माहीत आहे.

संध्याकाळी मी माझं ओळखपत्र म्हाताऱ्यापुढे धरलं. का धरलं, ठाऊक नाही. त्या साली मी अठरा वर्षांची होते, मावशीकडे याच रस्त्याने यायचे. त्याने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "तू डावीकडे गेली असतीस, पोरी," असं म्हणून परत दिलं. आणि चहा मागितला.

मी चहा केला.

२९ सप्टेंबर

त्याला म्हटलं, गावच्या प्रमुखाला सांगा. कुठे पुरलंय ते दाखवा. घरचे अजून वाट बघत असतील. तो हसला. म्हणाला, दोरीचं दुसरं टोक त्यानेच तर धरलं होतं.

सामान भरलं. गाडी गुरुवारी येते. उद्या गुरुवार.

३० सप्टेंबर

गेले नाही. पहाटे त्याला दुसरा झटका. जीभ जड. टाकून कशी जाऊ? डॉक्टरने मान हलवली.

दुपारी प्रमुख आला, हातात फळांची पिशवी. धिप्पाड, गोड बोलणारा. म्हातारा काही बोलला का, दोनदा विचारलं. माझ्या वहीकडे बघत होता. औषधांच्या वेळा आहेत, मी म्हटलं.

तो गेल्यावर पाहिलं. अंगणात, सिमेंटवर, ओल्या मातीची पावलं. दाराशी.

१ ऑक्टोबर

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गेला. शेवटचे शब्द कसेबसे — नावं लिही. त्यांची नावं लिहून घे.

उम् फारिस फाटकाशीच थांबली. आत या म्हटलं तर रडायला लागली. अंगण भरलंय, मी कुठून येऊ?

२ ऑक्टोबर

सकाळी दफन झालं. प्रमुखाने खांदा दिला. मी माझी सामानाची पिशवी घ्यायला परत आले. बारा वाजले.

ते घरात आहेत. दिसत नाहीत — माती दिसते, फरशीवर, एकेक पाऊल पुढे सरकते. कानाशी आवाज. हळू. घाई कुणाला नाही.

लिहिते.

खलील, शिंपी. झहले गावचा.
अद्नान, खलीलबरोबर गाडीत होता.
सुहैला. पोटात सातवा महिना —
रफीक, गणिताचा शिक्षक.
सुहैलाचा नवरा, नासिफ. तिसरं शेत म्हणतो, पूर्वेचा बांध, दगडाखाली —

उरलेले सहा मागच्या पानावर. अकरा झाले. सगळं लिहिलं, जागाही. वही त्रिपोलीला नेईन. वर्तमानपत्रात देईन.

बारावी पावलं. चामडी बूट, दफनाचे. डावा पाय ओढत. बोलता येत नाही त्याला. त्याचंही लिहीन — शाहीन, शेतकरी. त्याने काय केलं तेही —

फाटक वाजलं.

प्रमुख आलाय. सोबत दोघे. वही दे म्हणतोय, दारातून, अगदी गोड आवाजात. मी दार ओढून घेतलंय, कडी मोडकी आहे.

फरशीवरची पावलं वळली. बाराही. आता त्यांची तोंडं दाराकडे.

त्याला दिसत नाहीये. त्याने दार ढकललं — त्यांच्यातून चालत येतोय — थांबला. खाली बघतोय, स्वतःच्या पायाशी. माझ्याकडे बघून विचारतोय, माझा हात कुणी ध