क्ष एकदाच काढला

३ तारीख, सोमवार, दुपार
लेकीची गणिताची शिकवणी आजपासून बंद. मी मॅट्रिक पास आहे, ते काय नुसतं मिरवायला? वर्गाच्या बाईंनी बजावलंय, गृहपाठाची वही शुक्रवारी द्या. चुकीची असली तर परीक्षेला बसू देणार नाही. बसेल की! देवापुढे दिवा लावून सुरुवात केली. ३क्ष + ४ = २५. पाठकोऱ्या कागदांवर अडीच तास, अर्धा खोडरबर. क्ष = ७. ताळा जमला! देवाची कृपा, थोडी माझीही.

४ तारीख, मंगळवार
पुन्हा क्ष काढा! कालच तर काढला. लेक म्हणाली, अगं आई, प्रत्येक गणितात क्ष वेगळा असतो. म्हटलं, असली धरसोड आपल्या घरात चालत नाही. सात ठरले की सात. २क्ष = १८. सात दुणे चौदा, चार उरले. खाली लिहिलं: शिल्लक ४. सगळं गृहपाठाच्या वहीत, शाईने. माझ्या हिशेबाच्या वहीत आजवर खाडाखोड नाही. वीस मिनिटांत बारा गणितं! शिकवणीचे सर उगाच तासभर घ्यायचे.

६ तारीख, गुरुवार
भूमिती. त्रिकोणाचे दोन कोन ४० आणि ३०, तिसरा क्ष. सात! लेक रडकुंडीला. म्हणे, तो कोन बघ तरी, सताड उघड्या दारासारखा आहे. म्हटलं, चित्रकाराचा हात सुटला असेल. तिन्ही मिळून १८० हवेत म्हणे. माझे ७७. उरलेले १०३ त्रिकोणातच कुठेतरी असणार, जातात कुठे? पेपरामागून हे म्हणाले, शिकवणी स्वस्त पडली असती. लक्ष दिलं नाही.

८ तारीख, शनिवार
शाळेत बोलावणं. वही लालभडक. बाईंनी विचारलं, हे सात काय प्रकरण आहे? समजावून सांगितलं. बराच वेळ डोळे मिटून बसल्या. भाविक वाटल्या. मग म्हणाल्या, आठ दिवसांत सगळी वही नव्याने, आणि आईंनी हात लावायचा नाही. बाहेर लेकीने एवढंच विचारलं, मी परीक्षेला बसणार ना गं? मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं.

१० तारीख, सोमवार, संध्याकाळ
शिकवणी पुन्हा सुरू. लेकीची अट: आईलाही बसवा, नाहीतर घरी गेल्यावर ती मला परत शिकवेल. सरांशी घासाघीस करून एका फीमध्ये दोघी. लेक पुढच्या बाकावर, मी मागच्या.
पहिलं गणित: क्ष काढा. लेकीने चटकन काढला आणि वही हाताने झाकली.
मी सात लिहिलं. पेन्सिलीने.